आवाजाचा इवलासा दिवा

गुरुजी,

तीन दिवसांपूर्वी माझ्या नातीनं ते पिक्चर शोधून काढलं. तेच, बोकडाचं. ती सातवीत आहे. लहानपणापासून ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकत आलेली, त्यामुळं तिला वाटलं, आबा खूश होतील. मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाली, "आबा, बघा बरं, हेच का? अन् ह्याच्यात आवाज बी हाये." काचेवर एक चित्र थांबलेलं होतं. डोक्याहून मोठी टोपी घातलेलं ते पोरगं, चड्डीला खांद्यावरून गेलेले पट्टे, शेजारी कान पाडून बसलेलं कुत्रं. साठ वर्षांहून जास्त काळानं मी त्याच्याकडं पाहिलं आणि माझे तळहात ओले झाले. मी मोबाईल गादीवर पालथा घातला. "आत्ता नको बाई, डोळे दुखून राहिलेत," असं म्हणालो. डोळे दुखत नव्हते. तेव्हापासून रोज ती शाळेतून आली की विचारते, "बघितलं का?" आणि मी रोज नवं कारण काढतो. काल तर काही सुचेना म्हणून चपला घातल्या आणि वसमतच्या स्टँडावर जाऊन दोन तास बाकड्यावर बसून राहिलो.

तुम्हाला हसू येईल. पंचाहत्तरीचा म्हातारा वीस मिनिटांच्या विनोदी पिक्चरला भितो. पण मला पिक्चरची भीती नाही, गुरुजी. त्यातल्या शेवटच्या एका वाक्याची आहे. ते वाक्य पिक्चरमधल्या मडमचं होतं की तुमचं स्वतःचं, हे मला आजवर कळलेलं नाही. मडमचं असेल तर मला कुणीच कधी माफ केलेलं नाही. तुमचं असेल तर तुम्हाला सगळं ठाऊक होतं. दोन्ही मला नको आहेत. न कळण्याच्या सावलीत मी बरा होतो. आता ते उत्तर नातीच्या मोबाईलवर एका बोटाच्या अंतरावर येऊन बसलं आहे.

तुम्हाला आठवत असेल, शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास कवितेचा. तुम्ही टेबलावर बोटांनी ठेका धरायचा, डोळे मिटायचे आणि पहिली ओळ सोडायची. आम्ही पाचवीची पोरं ती उचलायचो. बाहेर बाजारात बैलगाड्यांची गर्दी, हळदीचा वास, हमालांच्या हाका, आणि आत आमची ती एक ओळ सगळ्यांवरून तरंगत जायची. त्या शनिवारी एकट्यानं कविता म्हणायची पाळी माझी होती. दहा दिवस मी ती घोकत होतो. बाप आडतीवर हमाल, म्हणून मी पोत्यांच्या थप्पीवर बसून मोठ्यानं म्हणायचो. बापाच्या सोबतचे हमाल हसायचे. "काय रे, कविता म्हणतूस का भूत उतरवून राहिलास?" बाप मात्र पोतं पाठीवर घेतल्यावर माझ्या चालीवर पाय टाकायचा. ते मला दिसायचं.

आणि शुक्रवारी पिक्चर दाखवायची मशीन आली. तेव्हा आपला जिल्हा परभणी. तिथनं लोखंडी पेटीत घालून, बसच्या टपावरून. शिपाई मामांनी ती डोक्यावरून वर्गात आणली. तुमच्या नावावर, तुमच्या सहीनं आलेली. तुमचा चेहरा त्या दिवशी कसा झाला होता, ते तुम्ही स्वतः पाहिलं नाहीत, आम्ही पाहिलं. लग्नातल्या नवरदेवासारखा. शाळा सुटल्यावर जी चार पोरं रेंगाळली त्यांना तुम्ही पेटी उघडून दाखवली. "हा मोठा दिवा चित्राचा," तुम्ही म्हणालात, "अन् हा इवलासा, बोराएवढा, हा आवाजाचा." मग फितीचं टोक उजेडात धरलंत. "कडंला ही रेघ बघा. नवशिक्यानं नांगरल्यावाणी वाकडीतिकडी दिसती ना? सगळ्यांचं बोलणं ह्या रेघेत हाये. हा दिवा तिच्यातून आरपार बघतो, अन् मशीन बोलायला लागती. पिक्चर फार जुनं हाये बरं. पिक्चरं नुकती बोलायला शिकली होती, तव्हाचं. म्हणून ह्यातली लेकरं लई बोलतात."

"अन् दिवा नसंल तर?" मी विचारलं.

"तर मुकं."

"मग उद्याचा कवितेचा तास?"

तुम्ही माझा कान धरून हलवलात, मायेनंच. "उद्या ह्या मशीनची कविता ऐकू. तुझी पुढल्या शनिवारी."

तुम्ही खिडक्यांना लावायला पोती मागायला गेलात. बाकीची पोरं तुमच्या मागं पळाली. मामा व्हरांड्यात विडी ओढत होते. मी एकटाच मागं राहिलो. दिवा कसा काढायचा ते तुम्हीच दाखवलं होतं. जरा दाबायचा, जरा फिरवायचा. तो माझ्या हातात आला तेव्हा इतका हलका होता की मला वाटलं, काही घेतलंच नाही. राग होता का? होता. दहा दिवसांची कविता घशात अडकली होती. पण रागाच्या खाली वेगळंच काही होतं, ते मला फार पुढं उमगलं. मला वाटलं, ही मशीन उद्या बोलायला लागली की तुम्ही आमच्याशी बोलणं सोडाल.

त्या रात्री मी दिवा उशाखाली घेऊन झोपलो आणि झोपलोच नाही. मला वाटे, त्या पोरांचं सगळं बोलणं ह्या दिव्यात आहे आणि तो आता आपोआप बोलायला लागेल. इंग्रजीत बोलला तर आईला कळणार नाही. पण मराठीत बोलला तर?

शनिवार. वर्गाच्या खिडक्यांना हळदीची रिकामी पोती लावली आहेत. त्यांच्या विणीतून पिवळे ठिपके आत येतात आणि पोरांच्या डोक्यांवर पडतात. तीन वर्ग एका खोलीत कोंबलेत. हेडमास्तर पुढं खुर्चीवर. मी भिंतीला टेकून, उजवा हात खिशात, मुठीत दिवा. मशीन खर्रर्र करते, भिंतीवर पडदा म्हणून ताणलेल्या धोतरावर उजेड पडतो आणि त्यात पाच-सहा पोरं पळत येतात. त्यांची तोंडं हलतात. आवाज नाही. पोरं कुजबुजतात. हेडमास्तर मान वळवतात. "आवाज कुठाय, मास्तर?" तुम्ही वाकून मशीनचं बारकं दार उघडता. किती वेळ तुम्ही वाकलेले होतात? मला तर आख्खा उन्हाळा गेल्यासारखा वाटला. मुठीतला दिवा घामानं निसटतो. मला वाटतं, तो आता पेटेल, खिशातून उजेड दिसेल, सगळी पोरं वळून माझ्याकडं बघतील. मग तुम्ही दार लावता आणि सरळ होता. अंधारात तुमचा चष्मा कुठल्या बाजूला वळलाय ते मला दिसत नाही.

"लेकरांहो," तुम्ही म्हणता, "ही परमुलखातली लेकरं बुजून राहिलीत. आपल्यापुढं बोलायला लाजतात. म्हणून त्यांच्या वतीनं मी बोलतो."

आणि तुम्ही धोतराशेजारी जाऊन उभे राहता. पुढं जे झालं ते वसमतनं परत कधी पाहिलं नसेल. लठ्ठ्या पोराला तुम्ही पेढेवाल्या शेटजींचा आवाज दिला. ठिपक्याठिपक्यांच्या तोंडाच्या पोरीला खारमुरेवालीचा. नवी मडम शाळेवर येते, तिला पळवून लावायला पोरं बोकड धरून आणतात आणि कपाटात कोंडतात. "अबे, शेपूट आत घे त्याचं!" "मी कशाला घेऊ, तुहा मामा हाये तो!" खोलीभर पोरं लोळायला लागली. बोकडानं कपाटात बसून हजेरीबुक खाल्लं, मडमनं दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडातून एक पान लोंबत होतं, आणि तुम्ही बोकडाला चक्क हेडमास्तरांचा खोकला दिलात. पोरांनी भिऊन हेडमास्तरांकडं पाहिलं. मग हेडमास्तरच खुर्चीवर हलायला लागले, हसून. मडम तुमच्या बारीक आवाजात म्हणाली, "अगं बाई, आज तर समदी हजेरी पोटात गेली!" फक्त मी हसत नव्हतो. त्या आवाजांच्या पुरात मला दोनच गोष्टी ऐकू येत होत्या, तुमचा दम आणि माझं काळीज.

शेवट आला. सगळी पोरं पळून गेलेली, एकटं ते टोपीवालं पोरगं मडमपुढं उभं. मान खाली. त्याचे ओठ जरासे हलले. तुम्ही सगळ्यांत लहान आवाज काढलात. "बाई, बोकड म्या कोंडलं." मडम वाकली, त्याच्या तोंडाशी तोंड आणलं, आणि काहीतरी बोलली. सगळ्या पिक्चरभर मडमला बारीक आवाज देणारे तुम्ही, तेवढ्या एका वाक्याला बारीक आवाज विसरलात. तुमच्या रोजच्या, कवितेच्या तासाच्या आवाजात म्हणालात:

"मला ठाऊक हाये, लेकरा. फक्त तुह्या तोंडून यायला पाहिजे."

मग फीत संपली आणि भिंत पांढरी झाली.

शाळा सुटल्यावर मी खिडकीशी लपून उभा होतो. आत हेडमास्तर मामांवर ओरडत होते, "किल्ली कोणाकडं होती? बोल!" मामा रडकुंडीला आले होते. "सायेब, लेकराबाळांची आन, म्या पेटीला हात बी लावला न्हाई." तेव्हा तुम्ही मधे पडलात. "त्यांना काहून बोलता? साफ करताना माझ्याच हातून निसटला दिवा. शोधला, सापडला नाही. लिहून देतो." आणि खरंच कागद ओढून लिहिलंत, सही केलीत. टाकाचा तो कुरकुर आवाज मला अजून ऐकू येतो. मी तिथून पळालो ते थेट आडतीवर. एक पोतं उघड्या तोंडाचं होतं, हळदीनं भरलेलं. मी कोपरापर्यंत हात घालून दिवा आत सोडला. थोड्या वेळानं माझ्याच बापानं ते पोतं दाभणानं शिवलं आणि पाठीवर घेऊन गाडीत टाकलं. आपण काय वाहून नेतोय, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला कविता म्हणून दाखवली नाही. नंतर कित्येक महिने मला भीती वाटायची की कुठल्यातरी दूरच्या गावात कोणी पोतं उसवेल, त्यात दिवा सापडेल, आणि पोलीस हळदीचा माग काढत वसमतला येतील.

सोमवारी सुटी झाल्यावर तुम्ही मला थांबवलंत. वर्ग रिकामा होता. "म्हण तुझी कविता." मी म्हणालो. एकही ओळ चुकली नाही. मला वाटलं होतं चुकेन, रडेन, पण कविता माझ्यापासून सुटून एखाद्या चाकासारखी आपली आपण गडगडत गेली. तुम्ही डोळे मिटले नव्हते. ठेकाही धरला नव्हता.

"अजून काही म्हणायचं राहिलंय का?"

"न्हाई, गुरुजी."

"नीट आठव."

"न्हाई."

तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत. मग टेबलाच्या खणातून तुमचं स्वतःचं कवितांचं पुस्तक काढलंत, ज्याच्या कडेला तुमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा त्याच्या. ते माझ्या हातात दिलंत. "बरं. जा, जेवून घे." मी घरी आलो ते आनंदानं उड्या मारत. सुटलो, असं वाटलं.

त्या जूनमध्ये तुमची बदली झाली, कनेरगाव नाक्यापलीकडच्या खेड्यात. त्या कागदामुळं झाली का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं.

मी मोठा होऊन एसटीत कंट्रोलर झालो, गुरुजी. ह्याच स्टँडावर. कित्येक वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या. "वसमत, शिरड शहापूर, औंढा, हिंगोली, कनेरगाव नाका, वाशीम," हे मी तुमच्या ठेक्यात म्हणायचो. प्रवासी हसायचे, "कंट्रोलरसाहेब गाडी लावून राहिले का आरती करून राहिले?" निवृत्त होऊनही तुम्ही त्याच खेड्यात राहिलात, हे कानावर होतं. रोज तुमच्या गावाची गाडी मी हाका मारून भरली आणि स्वतः चढलो नाही. एकदाच चढलो. नाक्यावर उतरलो, धाब्यावर चहा मागितला. तिथून तुमच्या गावाला जीप जायची. जीपवाला ओरडत होता, "एक शीट, एकच शीट!" मी चहा संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. परतीची गाडी आली, तिच्यात बसलो. पुढल्या वर्षी एका ड्रायव्हरनं स्टँडावर सहज सांगितलं की तुम्ही गेलात. मी माईक हातात धरून उभा होतो. वाशीमची गाडी लागायची होती. ती मी पुकारली. आवाज नेहमीसारखाच निघाला, त्याचंच भय वाटलं.

इथवर मी सकाळी लिहून ठेवलं होतं. आज दुपारी मात्र कारणं संपली. नात माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आबा, तुमी भिऊन राहिलात का?" तिचा सहा वर्षांचा भाऊ माझ्या मांडीवर येऊन चढला. मी म्हणालो, लाव.

आवाज आला. चरचर, मागं कुठंतरी बाजा, आणि त्यात ती लेकरं, खरी लेकरं, पत्र्यावर चिमण्या नाचाव्यात तशी एकमेकांवर बोलत होती. लठ्ठ्याचा आवाज शेटजींसारखा नव्हताच, अगदी चिरका होता. बोकड खोकला नाही. मला वाटलं, एकेक आवाज आत येतोय आणि तुमचा एकेक आवाज माझ्या डोक्यातून बाहेर जातोय. थांबव म्हणणार होतो. मग टोपीवालं पोरगं मडमपुढं आलं. मी नातीचा हात दाबून धरला. ओठ हलले.

"काय म्हणतंय ते?"

"तो म्हणतो, मिस, तुमच्या केसात गवत अडकलंय."

"अन् मडम?"

"ती हसती. थँक्यू म्हणती."

"ठाऊक हाये, असं म्हणती का? नीट ऐक."

"नाही ना, आबा. संपलंच इथं."

मी तिला तीनदा लावायला सांगितलं. तीनदा केसात गवत.

म्हणजे ते तुमचं होतं. मशीनचं दार उघडून वाकलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. "दिवा नसंल तर?" असं विचारणारं पोरगं वर्गात एकच होतं. भरल्या खोलीत, बोकडाच्या गोष्टीच्या आडून, तुम्ही मला वाट करून दिलीत, आणि सोमवारी पुन्हा एकदा दार उघडं ठेवून उभे राहिलात. नीट आठव, म्हणालात. मी न्हाई म्हणालो आणि तुमचं पुस्तक बक्षीस समजून घेऊन आलो. मला वाटत होतं, ठाऊक असणं म्हणजे माफ करणं. आज कळलं की ठाऊक असणं म्हणजे वाट बघणं. किती वर्षं बघितलीत? नाक्यावर मी दुसरा चहा पीत होतो तेव्हा बघत होतात का?

पण अजून एक सांगायचं आहे. पिक्चर संपल्यावर नातू कुरकुरला, "मला काहीच नाही कळलं. आबा, तुमीच बोला ना, नेहमी बोलता तसं." नातीनं आवाज बंद करून पुन्हा लावलं. मी बोललो. तुमच्या शेटजींसकट, खारमुरेवालीसकट. माझ्या डोक्यातून गेलेले तुमचे आवाज सगळे परत आले, कुठं गेलेच नव्हते. नातू माझ्या पोटावर डोकं आपटून हसत होता. मग टोपीवालं पोरगं मान खाली घालून उभं राहिलं, त्याचे ओठ जरासे हलले, आणि माझ्या तोंडून सगळ्यांत लहान आवाजात निघालं:

"गुरुजी, दिवा म्या काढला."

नातू वळून माझ्याकडं बघायला लागला. "कोणता दिवा, आबा? बोकड होतं ना?"

नात पण बघत होती.

पुढचं वाक्य मडमचं होतं. ते मी बोललो नाही, ते माझं नाही. पिक्चर मुक्यानंच संपलं. हे पत्र मी तुमच्या पुस्तकात ठेवतोय, त्या कवितेच्या पानात, जिथं शेवटच्या ओळीपुढं तुमच्या पेन्सिलीनं "थांबा" लिहिलेलं आहे. ते पान मी इतकी वर्षं उघडलं नव्हतं.

नातवाला मी म्हणालो, "हां, बोकडच. चुकलो." सहा वर्षांच्या लेकराला भ्यालो, गुरुजी.